वय झालं म्हणजे नेमकं काय झालं

आमच्याकडे एखाद्याचा खोकला आठ दिवसांत हटला नाही की त्याला चोपड्याला दाखवतात, तिथं गुण आला नाही तर जळगावला नेतात. पण सत्तरीच्या माणसाला जमिनीवरून उठता येईनासं झालं तर त्याला कुठंच नेत नाहीत. खाटेच्या पायांखाली विटा लावून ती उंच करतात. लेक-जावई पुण्यात असतील तर कमोडची खुर्ची येते. ‘वय झालं आता’ म्हटलं की विषय मिटतो. मांडीतलं मांस कुठं गेलं, का गेलं, कुणाचं लवकर जातं नि कुणाचं उशिरा, ही चौकशी होत नाही. दुखत नसतं ना, म्हणून.

मी तालुक्याच्या गावी अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवते. स्नायूंचा धडा दरवर्षी येतो. अ‍ॅक्टिन, मायोसिन, कॅल्शियम, आकृती काढा, नावं द्या. त्या धड्यातला स्नायू कायम तरुण असतो. म्हातारा स्नायू मला शिकवला तो आमच्या नानांनी.

नाना माझे मोठे काका. फैजपूरला काँग्रेसचं अधिवेशन भरलं त्या साली, म्हणजे १९३६ला जन्मलेले. जत्रेच्या फडात कुस्त्या खेळलेले आणि पुढं अर्धं आयुष्य केळीच्या बागेत घड वाहिलेले. हे काम ज्यांनी पाहिलं नाही त्यांना त्यातली मेख कळायची नाही. कापणारा विळ्यानं दांडा तोडतो आणि घड खाली यायच्या आत वाहणाऱ्यानं तो चुंबळीवर घ्यायचा असतो. गुडघे किंचित वाकलेले, मान ताठ. वीस-पंचवीस किलो अंगावर आले की त्याच क्षणी सरळ व्हायचं आणि ओल्या सरीतून, पायाखाली न बघता, गाडीपर्यंत जायचं. घड आपटला तर साल काळी पडते, व्यापारी भाव पाडतो.

आता त्यांचं उठणं बघावं. आधी उजवा पाय पोटाशी घेतात. डावा तळवा ओट्यावर टेकून कुशीवर वळतात, मग गुडघ्यावर येतात. तिथं जरा दम. हात खांब शोधतो. त्या खांबावर हाताच्या उंचीचा पट्टा तेवढा रंग उडून गुळगुळीत झालाय. एक हात खांबाला, दुसरा मांडीवर, ‘पांडुरंगा’ म्हणायचं आणि वर. वर आल्यावर लगेच पाऊल टाकत नाहीत, थोडं थांबतात. हे सगळं इतकं अंगवळणी पडलंय की त्यात काही बिघडलंय असं बघणाऱ्याला वाटतच नाही.

त्यांच्या मांडीत काय झालं असेल ते एवढं: आपल्या स्नायूंत ढोबळमानानं दोन जातींचे तंतू असतात. संथ तंतू दिवसभर उभं राहायला, चालायला पुरतात. वेगवान तंतू झटक्याच्या कामाला लागतात, म्हणजे घड झेलायला, ठेच लागली की तोल सावरायला, जमिनीवरून उठायला. वयाबरोबर आधी बारीक होतात ते हे वेगवान. त्यांना हुकूम देणाऱ्या मज्जारज्जूतल्या चेतापेशीही कमी होत जातात. एखादी चेता मेली की तिच्याकडचे तंतू शेजारची चेता जोडून घेते, पण ती बहुधा संथ जातीची असते, त्यामुळे तंतूही संथ होतात. ज्यांना कुणी जोडून घेत नाही ते वाळून जातात. १९६१ साली अलेक्झांडर मॉरो यांना बेडकाच्या स्नायूतंतूंना चिकटून बसलेल्या बारीक पेशी दिसल्या. इजा झाली की याच पेशी जाग्या होऊन डागडुजी करतात. म्हातारपणी त्या संख्येनं कमी होतात आणि हाकेला उशिरा ओ देतात.

तिशीनंतर दर दहा वर्षांत स्नायूंचं वस्तुमान साधारण ३ ते ८ टक्क्यांनी घटतं आणि साठीनंतर हा वेग वाढतो. ताकद त्याहूनही लवकर जाते. या अवस्थेला सार्कोपेनिया हे नाव मिळालं ते १९८०च्या दशकाच्या शेवटी, आणि आजार म्हणून स्वतंत्र संकेतांक अमेरिकेत मिळाला तो २०१६ साली. म्हणजे अमेरिकेलाही ‘वय झालं’ म्हणणं सोडायला बराच वेळ लागला.

खानदेशातल्या उन्हाळ्याचं इथं मध्येच सांगायला हवं. मार्च सरला की आमच्याकडे म्हातारी माणसं घराबाहेर पडत नाहीत. पारा चव्वेचाळीस-पंचेचाळीसला टेकलेला, दुपारभर दारं लावलेली, कूलरसमोर खाट. सकाळी पारापर्यंतची चक्कर बंद, शेतात डोकावणं बंद. पहिला पाऊस पडून माणसं बाहेर येतात तेव्हा हमखास कुणीतरी काठी धरलेली दिसते. धडधाकट वृद्धांना दहा दिवस अंथरुणावर ठेवून केलेला एक अभ्यास २००७ साली प्रसिद्ध झाला. तेवढ्या दहा दिवसांत त्यांच्या पायांतलं जवळपास एक किलो मांस गेलं होतं. तरुणाचं गेलेलं भरून येतं, म्हाताऱ्याचं पूर्ण भरून येत नाही. आमचे नाना तर अडीच महिने खाटेवर असतात. उष्माघाताच्या बातम्या येतात, यायलाच हव्यात. या दुसऱ्या नुकसानीची बातमी होत नाही.

आता जनुकांकडे येते. आमच्या भागात जनुक ही गोष्ट पाठ्यपुस्तकातून आली नाही, सिकलसेलमधून आली. माझ्या वर्गात सातपुड्याच्या पायथ्याची पावरा, भिल्ल, तडवी पोरं असतात. हिमोग्लोबिनच्या जनुकातलं एक अक्षर बदलतं, सहाव्या जागी ग्लुटामिक अ‍ॅसिडऐवजी व्हॅलिन येतं, रक्तपेशी कोयत्यासारखी वाकते. हे मी फळ्यावर काढते तेव्हा एखादी मुलगी वहीतून मान वर काढत नाही, कारण तिच्या घरात ते आहे. घरोघर रक्त तपासलं जातं, कार्डं दिली जातात, सोयरीक जुळवताना कार्डं विचारली जातात. त्यामुळे ‘हे जनुकातलं आहे’ याचा आमच्याकडे सरळ अर्थ ‘हे कपाळावरचं आहे’ असा होतो. निदान झालं म्हणजे निकाल लागला.

पण सिकलसेलचीच पुढची गोष्ट बघा. काही रुग्णांना त्रास कमी होतो, कारण त्यांच्या रक्तात गर्भावस्थेतलं हिमोग्लोबिन मोठेपणीही टिकून राहतं. ते का टिकतं हे शोधायला हजारो माणसांचे जनुकसंच ताडून पाहिले, आणि २००७-०८च्या सुमारास बीसीएल११ए नावाचं जनुक हाती लागलं. जन्मानंतर गर्भातलं हिमोग्लोबिन बंद करायचं काम ते करतं. रक्तपेशी बनवणाऱ्या मूळपेशींत त्याला गप्प करता आलं तर? त्यावर उभा राहिलेला उपचार २०२३च्या नोव्हेंबरात ब्रिटननं आणि डिसेंबरात अमेरिकेनं मंजूर केला. किंमत तिकडे बावीस लाख डॉलर, तेव्हा आमच्या सातपुड्यातल्या वैजापूरच्या पाड्यावर तो उद्या पोचणार नाही. मला त्यातली रीत महत्त्वाची वाटते. जनुक वाचलं ते कुणाचं भविष्य सांगायला नाही, हात घालायला जागा शोधायला वाचलं. अशा जनुकीय पुराव्याच्या आधारानं सुरू झालेलं औषध बाजारापर्यंत पोचण्याची शक्यता इतरांच्या २.६ पट असते, असा हिशेब २०२४ साली ‘नेचर’मध्ये आला होता.

म्हाताऱ्या स्नायूंच्या बाबतीत हीच रीत वापरायचं चाललंय. अडचण अशी की इथं एक अक्षर नाही. जुळ्या भावंडांच्या अभ्यासांवरून दिसतं की माणसामाणसांतल्या मुठीच्या ताकदीच्या फरकात आनुवंशिकतेचा वाटा ३० ते ६५ टक्क्यांच्या दरम्यान असतो. तो शेकडो जागी विखुरलेला, प्रत्येक जागेचा परिणाम मुंगीच्या पावलाएवढा. अशा गोष्टी शोधायला माणसं लागतात ती लाखांनी. ब्रिटनमध्ये २००६ ते २०१० या काळात ४० ते ६९ वयाच्या पाच लाख लोकांनी आपलं रक्त आणि मोजमापं ‘यूके बायोबँक’ला दिली. त्यात मूठ किती जोरात आवळता येते हेही मोजलं होतं. २०१७ साली जवळपास दोन लाख लोकांच्या माहितीतून मुठीच्या ताकदीशी जोडलेल्या जनुकसंचातल्या १६ जागा सापडल्या. मग २०२१ साली साठीपुढच्या अडीच लाखांवर माणसांत उलटा प्रश्न विचारला गेला: ताकद नाही, कमजोरी कुठं लिहिलीय? पंधरा जागा मिळाल्या.

त्या पंधरांत ठळक कोण निघालं, तर सांध्यांच्या झिजेशी संबंध असलेलं जीडीएफ५ आणि रोगप्रतिकारशक्तीच्या एचएलए पट्ट्यातला एक भाग. शोधायला गेले स्नायू आणि सापडले सांधे! मला हे वाचून पहिल्यांदा हसू आलं, मग आमची मोठी माय आठवली. मोठी माय म्हणजे नानांची बायको. एका फिजिओथेरपिस्ट मैत्रिणीकडून मी मूठ मोजायचं यंत्र चार दिवस मागून आणलं होतं. पकडीला धरून आवळायचं, काटा किलोत आकडा दाखवतो. आशियाई देशांतल्या तज्ज्ञांच्या गटानं २०१९ साली ठरवलेल्या निकषानुसार पुरुषाचा आकडा २८च्या आणि बाईचा १८च्या खाली आला तर ताकद कमी समजायची. नानांनी फडात उतरल्यासारखं ओठ दाबून आवळलं.

“कितला उना?”

“एकोणीस, नाना.”

“यंतर खराब शे.”

मोठ्या मायचा आला तेरा. पण तिनं यंत्र धरतानाच तोंड वाकडं केलं. तिच्या बोटांचे पेर सुजलेले, अंगठ्याच्या बुडाशी गाठ. “जोर शे व्हो, बोटं दुखतंस,” ती म्हणाली. खरंच होतं. तिच्या मुठीत जोर नव्हता तो पेरांमुळे, दंडामुळे नव्हे. तिला स्नायू वाढवायचं औषध कितीही दिलं तरी काय उपयोग? नानांचा आकडा आणि तिचा आकडा कागदावर शेजारी शेजारी बसतात, आजार मात्र दोन. अडीच लाख माणसांच्या माहितीतून संगणकानं जे सांगितलं ते आमच्या ओट्यावर एका वाक्यात कळलं, हे खरं. पण तो अभ्यास वाचला नसता तर मी त्या वाक्याकडे लक्ष दिलं नसतं, हेही खरं. आमच्याकडे कापूस वेचायला येणाऱ्या, साठी उलटलेल्या मावशींनी हसत हसत सत्तावीस काढला आणि पुन्हा ओटी बांधून निघून गेल्या.

स्नायूंच्या जनुकांतलं सगळ्यांत गाजलेलं नाव मात्र माणसांच्या याद्यांमधून आलं नाही, उंदरांतून आलं. १९९७ साली अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात अलेक्झांड्रा मॅकफेरॉन, अ‍ॅन लॉलर आणि से-जिन ली यांनी उंदराचं एक जनुक बंद केलं, तर त्याचे स्नायू नेहमीच्या दुप्पट-तिप्पट वाढले. मायोस्टॅटिन हे त्या जनुकाचं प्रथिन. स्नायू ते स्वतःच बनवतो आणि त्यानं स्वतःच्या वाढीला आवर घालतो. त्याच वर्षी कळलं की बेल्जियन ब्लू नावाच्या गोऱ्ह्यांची जी दगडातून कोरल्यासारखी पुठ्ठी असतात ती याच जनुकातली ११ अक्षरं गळाल्यामुळे. २००४ साली जर्मनीतल्या एका बाळाची नोंद प्रसिद्ध झाली. त्याच्यात या जनुकाच्या दोन्ही प्रती निकामी होत्या, जन्मतःच मांड्या भरलेल्या, आणि साडेचार वर्षांचा असताना ते पोर हात आडवे पसरून दोन्ही हातांत तीन-तीन किलोचे डंबेल धरायचं. शर्यतीच्या व्हिपेट जातीच्या कुत्र्यांत एक प्रत बिघडलेली असेल तर ते वेगानं पळतं, दोन्ही बिघडल्या तर नुसतं गलेलठ्ठ पहिलवान होतं.

मग औषध कंपन्यांना वाटलं, मायोस्टॅटिन अडवलं की झालं. वाटण्यासारखंच होतं. गेल्या वीस वर्षांत अशी बरीच औषधं आली. एकानं नाकातून रक्त यायला लागलं म्हणून चाचणी बंद पडली, बाकीच्यांचं काही ना काही अडलं. त्यांतल्या एका चाचणीवर मी जास्त थांबते. बिमाग्रुमॅब नावाचं औषध मायोस्टॅटिन आणि त्याच्या भावकीतली प्रथिनं ज्या कुलपात किल्ली घालतात ते कुलूपच झाकून टाकतं. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत सत्तरीपुढच्या, स्नायू झिजलेल्या १८० जणांना घेतलं होतं. काहींना दर महिन्याला औषध, काहींना नुसतंच सलाइनसारखं खोटं औषध. सगळ्यांनाच पोटभर प्रथिनं असलेला आहार आणि घरी करायचे व्यायाम सांगितलेले. चोवीस आठवड्यांनी औषधवाल्यांचं चरबी सोडून उरलेलं वजन ७ टक्क्यांनी वाढलं, दुसऱ्यांचं १ टक्क्यानं. म्हणजे औषधानं त्याचं काम चोख केलं. पण उभं राहणं, चालणं, खुर्चीतून उठणं यांची परीक्षा घेतली तर दोन्ही गट सुधारले होते, आणि औषधवाले काही फार पुढे नव्हते. बैल पोसला म्हणजे औत ओढतोच असं नाही, हे आमच्याकडे पोळ्याच्या दिवशी कुणीही सांगेल.

यात औषध हरलं असं मी म्हणणार नाही. खोटं औषध घेतलेली सत्तरीतली माणसं नुसत्या आहारानं आणि घरच्या व्यायामानं सुधारली, याकडे माझं लक्ष आधी जातं. याच्या तीस वर्षं आधी, १९९० साली, मारिया फियातारोन यांनी बोस्टनच्या एका वृद्धाश्रमात सरासरी नव्वद वयाच्या दहा जणांना वजनं उचलायला लावली होती. हलकीफुलकी नव्हेत, त्यांच्या ताकदीच्या मानानं जड. आठ आठवड्यांत पायांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली. मांडीचा घेर? आतलं मांस फक्त ९ टक्क्यांनी वाढलं. एकीकडे मांस वाढलं, ताकद नाही. दुसरीकडे मांस थोडं वाढलं, ताकद अडीच पटीच्या वर गेली. मधलं सगळं काम चेतांचं. झोपलेल्या चेतांना पुन्हा हुकूम द्यायला लावणं, हे इंजेक्शनला अजून जमलेलं नाही.

म्हणून आता संशोधकही नुसत्या मांसाच्या मागे नाहीत. स्टॅनफर्डमधल्या हेलन ब्लाऊ यांच्या प्रयोगशाळेनं २०२१ साली दाखवलं की म्हाताऱ्या उंदरांच्या स्नायूत १५-पीजीडीएच नावाचं एक विकर, म्हणजे एन्झाइम, वाढलेलं असतं आणि डागडुजीला लागणारं एक उपयोगी द्रव्य ते खाऊन टाकतं. ते विकर महिनाभर अडवलं तर म्हातारे उंदीर जास्त ताकदीनं, जास्त वेळ पळाले. माणसांवरची पहिली पायरी या वाटेवर पडली आहे. मायोस्टॅटिनवाल्यांनीही हार मानलेली नाही. से-जिन ली आणि त्यांच्या पत्नी एमिली जर्मेन-ली यांनी डिसेंबर २०१९मध्ये चाळीस उंदरीण थेट अंतराळ स्थानकावर पाठवल्या. वजनरहित अवस्थेत महिनाभरात साध्या उंदरांचे स्नायू झिजले, मायोस्टॅटिन नसलेल्यांचे टिकले, आणि ज्यांना तिथंच ते अडवणारं औषध टोचलं त्यांचे उलट वाढले. मला यात आमचा एप्रिल-मे दिसतो. वर्षभर औषध नको. अंथरूण धरायच्या दिवसांपुरतं, हाड मोडल्यावर, मोठ्या ऑपरेशननंतर काही देता आलं तर ते मोठंच काम होईल. वजन उतरवायच्या नव्या इंजेक्शनांनी चरबीबरोबर मांसही जातं, तिथं बिमाग्रुमॅबला आता दुसरं काम मिळू पाहतंय. पण नुसत्या सार्कोपेनियासाठी म्हणून मंजूर झालेलं औषध आजमितीला जगात एकही नाही. जळगावच्या दुकानांत डब्यावर पिळदार दंड छापून जे विकतात ते औषध नव्हे. थुंकी पाठवा, तुमच्या जनुकांना मानवणारा व्यायाम सांगतो, अशा जाहिरातीही आता येतात. त्यात बहुधा एसीटीएन३ हे जनुक असतं. त्याच्या दोन्ही प्रती बंद असलेली माणसं जगात दीड अब्जाच्या घरात आहेत आणि बहुतेकांना त्यानं काही अडत नाही. पैसे टाकायचेच असतील तर चांगल्या चपला घ्याव्यात.

माझी खरी तक्रार वेगळी आहे. ज्या लाखो माणसांची जनुकं वाचून हे सगळं चाललंय ती जवळजवळ सगळी युरोपीय वंशाची आहेत. आपलं शरीर वेगळं आहे हे तर पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी कधीच दाखवून दिलंय. २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये त्यांचा आणि लंडनचे जॉन युडकिन यांचा जोडीनं उभा असलेला फोटो छापून आला. दोघांचा बीएमआय सारखाच, २२.३. चरबी मात्र युडकिन यांच्या अंगात ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या २१.२. दिसायला बारीक, आतून चरबी जास्त, मांस कमी. पुण्याजवळच्या खेड्यांत त्यांनी जन्मलेली बाळं मोजली तर ती बाळंही तशीच. म्हणजे म्हातारपणी जे भांडवल खर्चायचं ते आपल्याकडे मुळातच बेताचं. मग तिकडच्या पंधरा जागा इकडे किती लागू पडतील? उत्तर शोधायची सामग्री आता हाताशी येतेय. दहा हजार भारतीयांचे जनुकसंच वाचण्याचा ‘जीनोम इंडिया’ प्रकल्प पूर्ण झाला, जानेवारी २०२५मध्ये ती माहिती फरिदाबादच्या केंद्रातून संशोधकांना खुली झाली. दुसरीकडे मुंबईच्या लोकसंख्या विज्ञान संस्थेनं २०१७-१८ साली पंचेचाळीशीपुढच्या सुमारे बहात्तर हजार भारतीयांची पाहणी केली, त्यात मूठही मोजली. एकीकडे जनुकं, दुसरीकडे मुठी. माणसं वेगवेगळी. ब्रिटनमध्ये दोन्ही एकाच माणसाचं आहे आणि सगळी मेख तिथंच आहे. आपल्याकडे हे जमेपर्यंत आपण दुसऱ्याच्या मापाचे कपडे घालत राहणार.

तोवर घरात काय चालतं? भांडणं. नानांचं वजन पन्नास किलो. वयस्कांना किलोमागे रोज एक ते सव्वा ग्रॅम प्रथिन हवं असं आता तज्ज्ञ म्हणतात, म्हणजे पन्नास-साठ ग्रॅम. नाना सकाळी चहा-टोस्ट, दुपारी पोळी पातळ वरणात कुस्करून, रात्री खिचडी, आणि मध्ये बागेतलं केळं. केळं खानदेशाची शान आहे, पण त्यात प्रथिन नावालाच. पूर्वी ते कळण्याची भाकरी खायचे, ज्वारीत अख्खे उडीद मिसळून दळलेली, वर शेंगदाण्याची चटणी. ज्वारीच्या प्रथिनात लायसिन नावाचा जो घटक कमी पडतो तो उडीद भरून काढतात. दात गेले आणि ती भाकरी गेली. मोठ्या मायनं आता त्याच पिठाची पातळ पेज करायला घेतलीय, दुधात. नाना नाक मुरडतात, पण वाटी रिकामी होते. संध्याकाळी खुर्चीतून हात न लावता पाच वेळा उठायचं; बाराच्या आत सेकंद लागले तर पास. मोठी माय मोजते आणि आकडे मुद्दाम हळू म्हणते.

यंदा दिवाळीच्या सुटीत हाच प्रयोग मी अकरावीच्या पोरांना घरचा अभ्यास म्हणून दिला. आजी-आजोबांची पाच उठबशांची वेळ आणि पोटरीचा घेर, शिंप्याच्या टेपनं, पुरुषांचा ३४ सेंटिमीटरच्या वर आणि बायकांचा ३३च्या वर असावा. वह्या आल्या त्या मजेशीर. एकीची आजी मोजून घ्यायला तयार नव्हती, पोटरी दाखवायची म्हणजे काय. एकानं स्वतःच्या बापाचीच मापं लिहून आणली आणि ती बेचाळिशीतल्या माणसाला शोभणारी नव्हती; त्याच्याशी मला बोलायचंय. आणि वैजापूरकडच्या एका पोरानं तक्ता कोराच ठेवून खाली लिहिलं होतं: आजोबा घरी सापडले नाहीत, कापूस वेचायला गेले होते, रात्री विचारलं तर म्हणाले उद्या सकाळी ये शेतात.